मध्यरेषेवरचा कॅमेरा

या अंकाचे संपादक गेली चार वर्षं माझ्याकडे लेख मागताहेत आणि चारही वर्षं मी त्यांना टाळलं. एका वर्षी म्हणालो, गुडघा दुखतो. लेख हाताने लिहितात हे त्यांना माहीत होतं, पण ते सभ्य गृहस्थ, बोलले नाहीत. पुढच्या वर्षी नातीचं लग्न सांगितलं. लग्न खरंच होतं, फक्त ते वैशाखातच उरकलं होतं. यंदा त्यांचा फोन आला तेव्हा मी नवं काहीतरी शोधत होतो, तेवढ्यात मंगल, म्हणजे माझी बायको, आतून म्हणाली, "द्या एकदाचं लिहून. नाहीतर मी लिहिते." तिला सगळं माहीत आहे. तिने लिहिलं असतं तर चार ओळींत संपवलं असतं आणि त्या चार ओळी मला झेपल्या नसत्या.

विषय त्यांनी सोपा दिला आहे. हॉलमधले सामने मोबाइलवर थेट दाखवायचे तर परवडणारा कॅमेरा कोणता घ्यावा. जळगाव-धुळ्यात हा प्रश्न पडला की लोक मला विचारतात. मी आयुष्यभर लग्नं शूट केली, पिंप्राळ्यात माझा स्टुडिओ होता, आणि मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर साठीच्या उंबरठ्यावर मी या नव्या धंद्यात पडलो. पोरं मला 'कॅमेरावाले आबा' म्हणतात. प्रश्नाचं उत्तर मी देतो, सविस्तर देतो. फक्त हे ज्ञान मला कसं आलं, ते सांगत नाही. ते आज सांगायचं आहे. पण आधी कॅमेऱ्यांचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिवाय मला थोडा धीर गोळा करायचा आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लग्न काय आणि बॅडमिंटन काय, कॅमेरा लावला की झालं. मलाही तसंच वाटायचं. माझं पहिलं थेट प्रक्षेपण धुळ्याच्या एका बॅडमिंटन हॉलमधलं. लग्नाचाच कॅमेरा लावला. लग्नात नवरा-नवरी हलत नाहीत, हलली तरी भटजी त्यांना परत बसवतात. इथे पांढरं शटल, मागे पांढरी भिंत, हॉलमध्ये जेमतेम उजेड. कमी उजेडात स्वस्त कॅमेरा आपला डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, म्हणून जे काही वेगात जातं त्याचा फराटा होतो. शटलचा तर फराटाही उरला नाही, ते गायबच झालं. पडद्यावर दोन तरुण हातवारे करत पळत होते. खाली पहिली प्रतिक्रिया आली, "हे लोक डास मारताहेत का?"

मग डोळा लवकर मिटायला लावला, तर हॉलमधल्या स्वस्त दिव्यांची लुकलुक दिसायला लागली. आपल्याला ती दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. पडद्यावर काळे पट्टे चढू-उतरू लागले. त्या स्पर्धेचे आयोजक एक डॉक्टर होते. ते धावत आले. "आबा, माझ्या मुलीची मॅच आहे आणि तिच्या अंगावरून झेब्रा चाललाय!" मधला रस्ता सापडेपर्यंत मुलगी पहिला गेम हरली होती. तो दोष मात्र माझा नव्हता. डॉक्टरांना तसं अजून वाटतं.

एका संस्थेच्या खजिनदारांनी सुचवलं, "आमच्या गोदामाला सीसीटीव्ही आहेत की. तेच आणून लावा." लावले. चित्र सहा सेकंद उशिरा येई. हॉलमध्ये लोक टाळ्या वाजवत, पडद्यावर खेळाडू अजून बुटाची नाडी बांधत असे. दुसऱ्या एकाने डोंगर चढताना डोक्याला बांधतात तो चिमुकला कॅमेरा आणला. सगळं मैदान मावलं खरं, पण कडा अशा वाकल्या की कबड्डीचं मैदान रावेरच्या केळ्यासारखं दिसू लागलं.

आता विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. नव्याच्या मागे लागू नका. भरपूर उजेड आत घेणारी लेन्स असलेला जुना कॅमेरा घ्या. तो दोन-तीन तास सलग चालतो का, तापून झोपतो का, ते दुकानातच पाहा. दुकानदार चहा मागवेल, पिऊन घ्या, पण कॅमेरा बंद करू नका. आणि त्याच्या वायरमधून निव्वळ चित्र बाहेर येतं का, ते आधी तपासा. कित्येक स्वस्त कॅमेरे चित्राबरोबर आपल्या पडद्यावरचा सगळा संसारही बाहेर पाठवतात. बॅटरीची खूण, घड्याळ, लाल ठिपका, सगळं. ते सगळं जगाला दिसतं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. माझं सगळं पाप तिथूनच सुरू झालं.

जळगावात एका मंडळाने कबड्डीच्या निमंत्रित स्पर्धा भरवल्या होत्या. मातीवर नाही, हॉलमध्ये, निळ्या मॅटवर. मंडळाचे अध्यक्ष हौशी आणि दिलदार माणूस. त्यांना सगळे 'भाऊसाहेब' म्हणत. गावोगावच्या लोकांनी घरबसल्या सामने बघावेत ही त्यांचीच कल्पना. माझ्याकडे तेव्हा दोनच कॅमेरे होते. एक बऱ्यापैकी, लेन्स बदलता येणारा, नाशिकहून जुना आणलेला. दुसरा लग्नातला छोटा, म्हातारा पण इमानी. छोटा मी बरोबर मध्यरेषेच्या टोकाला, बुटक्या स्टँडवर लावला. कबड्डी न खेळलेल्यांसाठी सांगतो. चढाई करणारा गडी समोरच्यांना शिवून परत येताना त्यांनी धरला, तर त्याचा सगळा जीव त्या मधल्या रेषेत असतो. बोट जरी रेषेला लागलं तरी तो सुटला आणि गुण त्याचे. नाही लागलं तर तो बाद. रेषेचं खरंखोटं रेषेच्या टोकाला बसूनच दिसतं. तिथे पंच बसतो. त्याच्या शेजारी मी कॅमेरा बसवला. इतकी अक्कल मला होती.

पहिल्या दिवशी तासाभरात भाऊसाहेब आले, हातात मोबाइल.

"आबा, हे काय? कोपऱ्यात बॅटरी दिसते. लाल ठिपका दिसतो."

"छोट्या कॅमेऱ्याचं आहे ते. जात नाही."

"माझे व्याही सुरतहून बघताहेत. म्हणाले, तुमच्याकडे चार्जर नाही का?"

"लावलाय हो चार्जर."

"ते नका दाखवू. आणि तो मोठा कॅमेरा कोपऱ्यात न्या. तिथून आपला बॅनर पूर्ण येतो."

बॅनर वीस फुटी होता. त्यावर भाऊसाहेब, त्यांचे वडील, आणि ज्यांच्या वाढदिवसानिमित्त स्पर्धा होत्या ते पुढारी, असे तीन चेहरे. आमच्या धंद्यात बॅनर कापला गेला तर पुढचं काम जातं. म्हणून मी चांगला कॅमेरा कोपऱ्यातल्या उंच टेबलावर नेला. पाहुणे आले की तोच पाहुण्यांकडे वळवायचा, हाही नियम. उपांत्य सामना बरोबरीत, शेवटचं मिनिट चालू, आणि पडद्यावर नारळ, शाल, हार. तिकडे भडगावहून एका प्रेक्षकाने लिहिलं, "नारळ बाद झाला का?"

कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याची आणखी एक खोड होती. तो चेहरा ओळखून त्यावर नजर रोखायचा. खेळाडू पाठमोरे पळत असत, मग त्याला सगळ्यात मोठा, स्थिर आणि हसरा चेहरा बॅनरवरच सापडे. पुढाऱ्यांची मिशी लखलखीत दिसे आणि समोरचे चौदा गडी धुक्यात. हे माझ्या लक्षात आलं होतं. भाऊसाहेब खूश होते, म्हणून मी बोललो नाही.

छोटा कॅमेरा मी थेट प्रक्षेपणातून काढला, पण जागेवरून उचलला नाही. तो आपला रेषेच्या टोकाला बसून स्वतःच्या कार्डात सगळं साठवत राहिला. त्याच्या शेजारच्या खुर्चीत पंच होते सुपडू नाना.

सुपडू नाना धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, निवृत्त झालेले. मातीवरच्या कबड्डीपासून पंचगिरी करत आलेले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, शर्टाच्या खिशात शिट्टीचा जोड. एक बिघडली तर दुसरी. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, "भाऊ, तुमचा हा बुटका माझ्या शेजारी आहे तोवर मला काळजी नाही. माझं चुकलं तर हा सांगेल." आणि त्याच्या डोक्यावर थोपटलं, बैलाला थोपटावं तसं. त्या वर्षी त्यांचं नाव मोठ्या स्पर्धांच्या पंचांच्या यादीत जाणार होतं. उशिराने का होईना, जाणार होतं. ते त्यांनी मला सांगितलं नाही, चहावाल्याला सांगितलं. चहावाल्याने सगळ्यांना.

अंतिम सामना झाला जळगाव आणि धुळे यांच्यात. हॉल खच्चून भरलेला. शेवटची चढाई जळगावची, जळगाव एका गुणाने मागे. चढाई करणारा गडी दोघांना शिवला, परत फिरला, आणि तिघांनी त्याची कंबर धरली. तो आडवा झाला, हात लांब फेकला. सगळा हॉल उभा राहिला. नानांची शिट्टी. गडी बाद. धुळे जिंकलं.

"लागला! लागला!" असा एकच गलका झाला. कोणीतरी ओरडलं, "धुळ्याचा पंच, धुळ्याचीच शिट्टी!" नाना मुख्य पंचांपाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "हात लागला नाही. मी पाहिलं."

भाऊसाहेब माझ्या टेबलाशी आले. "आबा, ते परत दाखवा. हळू करून दाखवा." मी दाखवलं. कोपऱ्यातून, उंचावरून, त्या धुकट चित्रात हात स्पष्टपणे रेषेवर टेकलेला दिसत होता. मला खरंच तसं दिसलं. भाऊसाहेब म्हणाले, "तिथे लाल गोल करा." मी लाल गोल केला. त्या दिवशी एवढंच केलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. ती चूक होती. चूक माणसाकडून होते.

तो लाल गोल सकाळपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतल्या मोबाइलवर फिरला. मला इतके फोन कधी आले नव्हते. तीन स्पर्धांची कामं सकाळीच ठरली. भाऊसाहेबांनी स्टुडिओत येऊन मला मिठी मारली. "आबा, तुमच्या कॅमेऱ्याने चोरी पकडली!" चाळीस वर्षं मी लोकांच्या लग्नात कोपऱ्यात उभा राहिलो, 'जरा बाजूला व्हा' एवढंच ऐकत. माझ्या कॅमेऱ्याने काही पकडलं असं पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. छाती फुगली, खोटं का बोलू.

ते गेल्यावर मी छोट्या कॅमेऱ्याचं कार्ड काढून लावलं. हौसेनेच लावलं. म्हटलं, या बाजूनेही तो हात दाखवू, आणखी मोठा गोल करू. मंगल मागे चहा घेऊन उभी होती.

चित्र लावलं. गडी आडवा झाला, हात लांब आला, आणि थांबला. रेषेच्या अलीकडे, हवेत, चांगला चार बोटं अलीकडे. खाली निळी मॅट स्वच्छ दिसत होती. मग तिघांनी त्याला मागे ओढला आणि हात तसाच मागे गेला. रेषेला काहीही लागलं नव्हतं. मी तीनदा पाहिलं. चौथ्यांदा मंगल म्हणाली, "कितीही वेळा बघा, नाही लागत तो."

वाचकांना हे पटायला जड जाईल, म्हणून सांगतो. हा अंक हातात आहे ना, तो टेबलावर सपाट ठेवा. एका ओळीच्या जरा अलीकडे, कागदापासून थोडं वर, हवेत बोट धरा. आता तुमच्या बाजूने, उंचावरून तिरकं बघा. बोट ओळीवर टेकलेलं दिसेल. आता डोकं खाली आणून ओळीच्या टोकाकडून बघा. एवढंच होतं ते. त्यात चित्र धुकट असेल तर मधली हवा दिसतच नाही. माझा चांगला कॅमेरा मिशीकडे बघत होता आणि तिरक्या कोपऱ्यात उभा होता, कारण तिथून बॅनर पूर्ण येत होता. स्वस्त कॅमेरा खरं बोलत होता, पण त्याला मी गप्प बसवलं होतं, कारण बोलताना त्याची बॅटरी दिसायची.

"मग आता सांगून टाका," मंगल म्हणाली.

"सांगतो की," मी म्हणालो. "जरा शांत होऊ दे सगळं."

शांत व्हायच्या आत, त्याच दुपारी, फोन वाजला. सुपडू नाना.

"भाऊ, नमस्कार. झोप झाली का?"

"झाली, नाना."

"माझी नाही झाली. बठ्ठा गाव सांगस, हात लागना, लागलाच म्हणे. मुलगाही म्हणतो, नाना, तुमचं चुकलं असेल. भाऊ, तुमचा तो बुटका माझ्या शेजारीच होता. त्यात दिसेल. जे असेल ते सांगा. माझं चुकलं असेल तर मी स्वतः जळगावला येऊन माफी मागेन."

समोर पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं. हात हवेत. मंगल माझ्याकडे बघत होती. आणि मी, दोन शब्दांचं काम होतं, म्हणालो, "नाना, ते रेकॉर्डच झालं नाही. बॅटरी गेली होती."

पलीकडे नाना हसले. मला अपराधी वाटत असणार, असं त्यांना वाटलं. "असू दे, भाऊ. यंत्र शे ते, त्याले काय समजस. तू मनाले लावी लेऊ नको."

मनाला लावून घेऊ नको म्हणाले. मला.

फोन ठेवल्यावर मी एकच काम केलं. ते कार्ड कोरं केलं. आमच्या धंद्यात कार्ड रोजच कोरी करतात. एक लग्न पुसायचं आणि त्यावर दुसरं चढवायचं. बोटाला इतकी सवय असते की त्यात काही वाटत नाही. दोन दिवसांनी भडगावला एक हळद होती, त्यासाठी कार्ड लागणारच होतं, असं मी स्वतःला सांगितलं. मंगलने माझा चहा उचलला आणि मोरीत ओतला.

पुढे धुळ्याला दुसऱ्या एका मंडळाच्या स्पर्धा झाल्या. मलाच काम मिळालं. नाना तिथे पंच होते. विश्रांतीच्या वेळी जळगावहून आलेली सात-आठ पोरं मैदानात आली, हातात शाल, नारळ आणि ताट. निवेदकाला वाटलं, खराच सत्कार आहे. त्याने घोषणा केली, "आता ज्येष्ठ पंच सुपडू नाना यांचा सत्कार होत आहे." पोरांनी नानांना शाल पांघरली, नारळ दिला आणि ताटावरचा रुमाल काढला. ताटात चष्मा होता. जाड भिंगांचा, जत्रेत मिळतो तसा.

हॉल हसला. हसणं थांबेना. नानांनी चष्मा उचलला, घातला, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "दिसतंय रे पोरांनो. चांगलं दिसतंय." पुन्हा हशा. या वेळी त्यांच्या बाजूने. त्या पोरांपैकी एकाने मान खाली घातली. नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला, शिट्ट्यांच्या शेजारी, आणि उरलेला सामना चालवला, एकही चूक न करता.

मी तो सत्कार थेट दाखवत होतो. सत्कार आला की कॅमेरा सत्कारावर, हा नियम. कॅमेरा खाली करायला हात उठला नाही. यंत्राला समजत नाही, पण मी काय यंत्र होतो?

त्यानंतर नानांनी शिट्टी उचलली नाही. यादीत जाणारं नावही वगळलं गेलं. "वयोमानामुळे" असं कोणीतरी लिहून टाकलं.

माफी मागायला मी शिंदखेड्याला तीनदा गेलो. पहिल्यांदा बरोबर केळी घेऊन गेलो. नानांच्या घरी पाहुणे होते. नाना पाहुण्यांना म्हणाले, "हे आमचे कॅमेरावाले भाऊ. यांनी फार चांगलं काम केलं, पण त्या दिवशी यांची बॅटरी गेली." पाहुण्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. जेवून परत आलो. मंगलने दारातच विचारलं, "सांगितलं?" मी म्हणालो, "वांग्याचं भरीत होतं." ती म्हणाली, "म्हणजे नाही."

दुसऱ्यांदा नानांनीच बोलावलं. गावातल्या शाळेला देणगीतून एक छोटा हॉल मिळाला होता आणि नाना तिथे मुलींना कबड्डी शिकवत होते. त्यांना कॅमेरा हवा होता.

"मुलींच्या आया शेतात असतात, भाऊ. पोरगी खेळते ते त्यांना कधी दिसत नाही. मोबाइल आहे प्रत्येकीकडे. स्वस्तात काय बसेल?"

मी विचारलं, "बॅनर असणार का?"

"कसला बॅनर? फळ्यावर खडूने लिहू."

आयुष्यात इतक्या काळजीने मी कॅमेरा निवडला नसेल. जुनाच, पण लेन्स उजेड घेणारी, वायरमधून निव्वळ चित्र देणारा, पाच तास न तापणारा. दुकानात मी तीन कप चहा प्यालो. चेहऱ्यावर नजर रोखायची खोड बंद केली. हॉलमधले दिवे शाळेच्या लोकांना सांगून बदलून घेतले. आणि स्टँड मध्यरेषेच्या टोकाला, जमिनीलगत, पक्का बसवून दिला.

पहिल्याच सराव सामन्यात एक मुलगी आडवी पडली, हात लांब टाकला. नाना शेजारी उभे होते. म्हणाले, "बाद." मुलीने हुज्जत घातली, "लागला, नाना! शप्पथ!" नाना म्हणाले, "बघ जा यंत्रात." तिने बघितलं, ओठ काढला आणि बाहेर जाऊन बसली. नाना माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. "भाऊ, त्या दिवशी तुझी बॅटरी टिकली असती ना..." एवढंच बोलले.

ती वेळ होती. हॉलमध्ये आम्ही, दहा मुली आणि कॅमेरा. मी तोंड उघडलं. "नाना, त्या दिवशी..."

"सोड रे," ते म्हणाले, पाठीवर हात ठेवून. "यंत्राचा काय दोष."

मी म्हणालो, "हो, नाना. यंत्राचा काय दोष."

तिसऱ्यांदा गेलो तो गेल्या वर्षी, त्यांच्या शोकसभेला. सभा त्याच हॉलमध्ये होती. मुली एका बाजूला ओळीने बसल्या होत्या. जळगावहून भाऊसाहेब आले होते. ते मनापासून बोलले. म्हणाले, नाना मोठा माणूस, पंच म्हणून सरळ. मग थांबून म्हणाले, "एकदा चुकले. आमच्या अंतिम सामन्यात चुकले, हे सगळ्यांना माहीत आहे. आमचा राग होता. पण माणूस आहे, एखादी चूक होणारच. आज जळगावकरांच्या वतीने मी सांगतो, नाना, आम्ही ती चूक कधीच माफ केली आहे." सभेतल्या लोकांनी माना हलवल्या. नानांच्या मुलाने भाऊसाहेबांना हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. वडिलांची एक चूक होती, तीही माफ झाली.

मग तो मुलगा माझ्याकडे आला. "काका, तुम्ही नानांचे खास. दोन शब्द बोला."

मी उठलो. माइकपर्यंत गेलो. माझ्या डाव्या हाताला मध्यरेषा होती. सतरंजीतून तिचं टोक बाहेर आलेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "नाना फार शिस्तीचे होते. वेळेच्या आधी येत." एवढंच. आणि जागेवर येऊन बसलो. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "थोडक्यात, पण छान बोललात."

घरी आल्यावर मंगलने या वेळी विचारलं नाही.

म्हणून इथे लिहितो, जिथे मला कोणी मध्येच थांबवू शकत नाही आणि मला जागेवर जाऊन बसता येत नाही. नानांचा मुलगा हे वाचेल. भाऊसाहेब वाचतील. ती चष्म्याची पोरं आता बापे झाली असतील, तीही वाचोत. नाना तेवढे वाचणार नाहीत.

नाना, बॅटरी गेली नव्हती. बुटक्याने सगळं पाहिलं होतं आणि मीही पाहिलं होतं. हात लागला नव्हता. तुमची शिट्टी बरोबर होती. ते मी पुसलं, माझ्या हाताने पुसलं, आणि तुम्ही माझीच समजूत काढलीत. मला माफ करा, नाना.